धापेचा चढ

जुन्या गाडीत मोठं इंजिन बसवून दे, असं म्हणत पुन्हा कुणी माझ्या गॅरेजात आलं, तर मी त्याला चहा पाजीन, पाणी देईन आणि गोड बोलून दुसऱ्या गॅरेजचा पत्ता देईन. कानाला खडा. यशवंत आप्पांच्या फियाटनं माझा अर्धा पावसाळा, अख्खा हिवाळा आणि डोक्यावरचे बरेचसे केस खाल्ले. उरलेले केस आप्पांनी खाल्ले.

माझं गॅरेज पुनावळ्यात, ताथवड्याकडून येणाऱ्या रस्त्याला. अब्बांनी, म्हणजे बरकत मिस्त्रींनी ते टाकलं तेव्हा समोर ऊस होता. आता समोर बावीस मजले आहेत आणि खाली पार्किंगवरून रोजची भांडणं. आप्पांचं घर गावठाणात. त्यांची जमीन बिल्डरकडे गेली, मुलगा प्रीतम हिंजवडीत साहेब झाला, दारात त्याची ट्रॅक्टरएवढी उंच गाडी उभी असते. पण आप्पांची स्वतःची म्हणावी अशी गाडी एकच. लग्नानंतर नंबर लावून घेतलेली पिस्ता रंगाची फियाट. पुढे या दारापासून त्या दारापर्यंत एकच लांब सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. आधी अब्बांनी ती गाडी सांभाळली, अब्बांच्या माघारी मी.

तर त्या दिवशी आप्पा आले, गाडी गॅरेजच्या तोंडाशी आडवी लावली आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "तौसिफ, हिला मोठं इंजिन बसीव."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"आप्पा, पिस्टनच्या रिंगा बदलू. क्लच नवा टाकू. अजून दहा वर्षं पळेल."

"रिंगा दोनदा बरकतनं बदलल्या, येकदा तू. न्हाई चढत."

"चढत नाही म्हणजे? पुनावळ्यात चढ आहे कुठं?"

"धापंचा चढ," आप्पा म्हणाले. तो चढ मला अब्बांच्या तोंडून माहीत होता.

मंजुळाकाकींचं, म्हणजे आप्पांच्या बायकोचं, माहेर खेडच्या पश्चिमेला डोंगरात आहे. ढोकरवाडी. चैत्रात तिथं देवीची जत्रा भरते. वाडीच्या पायथ्याला ओढ्यावर एक मोरी आहे आणि मोरी ओलांडली की रस्ता एकदम छातीवर येतो. तोच धापेचा चढ. आप्पा नवी गाडी घेऊन पहिल्यांदा सासरवाडीच्या जत्रेला निघाले तेव्हा आत सहा माणसं आणि नारळाचं पोतं होतं. मोरीवर गाडीनं मान टाकली. कुणीतरी उतरायला हवं होतं. सासू-सासऱ्यांना उतरा म्हणायची पद्धत नाही, पाहुण्यांना नाही, म्हणून नवी सून उतरली. गाडी घरघरत वर गेली आणि काकी पदर खोचून मागून चालत आल्या. देवळाच्या पारावर त्यांचे थोरले बंधू सोपानराव बसले होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जावईबापू गाडीत अन् लेक पायी!"

अख्खी जत्रा हसली. आणि पुढची चाळीस वर्षं हसत राहिली. गाडीतली माणसं कमी होत गेली, पण इंजिनही म्हातारं होत गेलं, त्यामुळे हिशोब तिथंच राहिला. दर चैत्रात मोरीवर गाडी थांबणार, कुणी काही न बोलता काकी उतरणार, आप्पा रेस वाढवून झेप घेणार आणि पारावरून सोपानराव तेच वाक्य टाकणार. सासरवाडीची थट्टा कधी शिळी होत नाही.

गेल्या चैत्रात मात्र काकींच्या गुडघ्यांनी दगा दिला. उतरल्या, थोडं चालल्या आणि ओटीची पिशवी मांडीवर घेऊन मोरीच्या कठड्यावर बसून राहिल्या. आप्पा एकटेच वर पोचले. सोपानरावांनी रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आवंदा लेक पायीबी न्हाई व्हय?"

"त्ये बोलनं मला हितं लागलंय," आप्पा छातीवर बोट ठेवून म्हणाले. "ह्या चैताला ती गाडीतनं चढंल. थेट पारापोतर. मधी पाय खाली टेकवायचा न्हाई."

"मग प्रीतमच्या गाडीतून न्या की! दुसऱ्या गिअरमध्ये चढेल ती."

"तिच्यात कुनीबी चढंल. ज्या गाडीतनं उतारली त्याच गाडीतनं चढली पायजे."

मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी आप्पा येऊन माझ्या स्टुलावर बसले. तिसऱ्या दिवशीही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, "तुमची गाडी आलिया व्हय? बरं हाय. आमची काय हा घेत न्हाई." शेवटी एका दुपारी दारात टेम्पो उभा राहिला. आत जिप्सीचं तेराशे सीसीचं इंजिन, गिअरबॉक्ससकट, आणि त्याला झेंडूचा हार. आप्पांनी ते चिखलीच्या एका भंगारवाल्याकडून स्वतः उचलून आणलं होतं.

"खोंड बग कसा हाय!" आप्पा म्हणाले. तरुणपणी त्यांनी शर्यतीचे बैल पाळले होते, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना खोंड, बैल नाहीतर वळू दिसते.

हार घातलेलं इंजिन परत कसं पाठवायचं? इथं मी फसलो.

मोठं इंजिन बसवणं म्हणजे पितळी डबा काढून स्टीलचा ठेवला, इतकं सोपं वाटतं लोकांना. खाली तेलाची टाकी आडव्या लोखंडाला, म्हणजे क्रॉसमेंबरला, घासत होती. ती कापून नवी केली, तर इंजिन वर आलं आणि बॉनेट लागेना. बॉनेट लागावं म्हणून इंजिन मागे सरकवलं, तर इंजिनामागची पत्र्याची भिंत आड आली. भिंत ठोकून आत घेतली, तर पंखा आणि रेडिएटर यांच्यात हात जाईल एवढी फट राहिली आणि वाऱ्याची बोंब झाली. इंजिन ज्यावर बसतं ती मोठी ब्रॅकेटं भोसरीच्या वर्कशॉपमधून तीनदा करून आणली. पहिली आखूड, दुसरी वाकडी, तिसरी बरोबर झाली तेव्हा तिथल्या माणसानं हात जोडले. इंजिन बदलायची आरटीओची परवानगी प्रीतमनं काढली, बापावर चिडत चिडत.

आणि या सगळ्या वेळात आप्पा स्टुलावर. उंटावरून शेळ्या हाकत.

"बैल मोठा झाला की आदी जू बदलायचं असतंय."

"आप्पा, हे जू नाही. क्रॉसमेंबर आहे."

"मी कवा म्हनलं जू हाय म्हनून? मी म्हनतो, बदल."

एकदा मी खालून पान्हा फेकला. त्यांना लागला नाही, माझ्याच चहाच्या ग्लासाला लागला. आप्पांनी नवा चहा मागवला आणि पुन्हा बैलांकडे वळले. घरी माझी बायको साबिया म्हणायची, "त्या गाडीशीच निकाह लावायचा होता, माझ्या अब्बांना कशाला त्रास दिला?" तिचंही बरोबर होतं. शुक्रवारी नमाजाला उभा राहिलो तरी मला ब्रॅकेटची भोकं दिसायची.

नवी वायरिंग टाकली तर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला तो विझेना. चार दिवस त्या दिव्याशी भांडलो. सेन्सर बदलला, वायर बदलली, नाद सोडून घरी गेलो. सकाळी आलो तर आपोआप विझलेला. दिवा विझल्याचा आनंद झाला नाही, उलट जास्तच संताप आला. ज्याचं कारण कळत नाही ती गोष्ट दुरुस्त झाली तरी डोक्याला तापच असते.

ब्रेकवरून आमचं खरं भांडण झालं. मी म्हणालो, इंजिनाची ताकद जवळजवळ दुप्पट झालीय, ब्रेक मोठे टाकल्याशिवाय मी चावी देणार नाही. आप्पा म्हणाले, "मला चढायचंय. थांबायचंय कशाला?"

"वर गेलात की खाली कोण येणार? सोपानराव?"

हे त्यांना पटलं नाही, पण सोपानरावांचं नाव आल्यामुळे ते हो म्हणाले.

मग आला गिअर. जुना गिअर स्टिअरिंगच्या दांडीला होता. नव्या गिअरबॉक्सचा दांडा जमिनीतून वर येतो आणि येतो तो बरोबर मधोमध. म्हणजे पुढची लांब सीट मधून कापायची, दोन सुट्या सीट टाकायच्या आणि त्यांच्या मध्ये दांडा. कापायच्या आधी मी आप्पांना विचारलं. कारण मला माहीत होतं, त्या सीटच्या मध्ये आप्पांच्या खांद्याला लागून काकी बसतात. तिथली स्प्रिंग वर आलीय म्हणून त्यांनी तिथं एक लहानशी गोधडी घडी करून ठेवलेली असते. मी लहान असल्यापासून ती गोधडी तिथंच बघतोय. पलीकडच्या बाजूला आधी सासूबाई बसायच्या, नंतर प्रीतम, पण मधली जागा काकींची.

"काकी कुठं बसणार, आप्पा?"

"मागं. ऐसपैस."

"त्यांना विचारलंत?"

"त्यात काय इचारायचं? पाय पसरून बसंल. राणीवानी."

मी सीट कापली. त्याच आठवड्यात काकी बाजारातून घरी जाताना गॅरेजात आल्या. काठी टेकत गाडीशी गेल्या, पुढच्या दारातून वाकून आत बघितलं. मधोमध उभ्या राहिलेल्या दांड्याच्या काळ्या गोळ्यावर हात ठेवला.

"ह्ये काय मधीच?"

"गिअर हाय त्यो," आप्पा म्हणाले.

"हितं तर मी बसते."

"आता मागं बसायचं."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रू शोधू लागलो. "कशापायी येवढा खटाटोप चाललाय ह्या वयात?" त्यांनी आप्पांना विचारलं.

"गाडीत दम नगं का?" आप्पा म्हणाले. झालं, एवढंच उत्तर. काकींनी पुढच्या खणात कोंबलेली गोधडी काढली, झटकली, नीट घडी घालून मागच्या सीटवर ठेवली आणि काठी टेकत निघून गेल्या. मला वाटलं, उरलेलं नवरा-बायको घरी बोलले असतील. दुसऱ्याच्या घरात काय बोललं गेलं, काय नाही, याची चौकशी मी कशाला करू? मला माझ्या खडखडाटाचं पडलं होतं.

कारण गाडी आता पळत होती, पण खडखडत होती. आज डावीकडून, उद्या खालून. सर्व्हिस रोडवर ट्रायल मारायला निघालो की समोरच्या सोसायट्यांतली माणसं गॅलरीत यायची. एकेक खडखड मी शोधून काढली. सायलेन्सरची एक, बॉनेटच्या कडीची एक, स्टेपनीखालच्या पान्ह्याची एक. चैत्र लागला तेव्हा गाडी गप्प झाली होती. इंजिनाचा मोठा घुमारा तेवढा होता, तो मी आप्पांसाठी मुद्दाम ठेवला. तेवढी हौस त्यांनाही पाहिजे ना.

जत्रेच्या दिवशी मीही बरोबर निघालो. काम माझं, भरवसा कुणाचाच नाही. प्रीतमची ऑफिसात कसलीशी मोठी मीटिंग होती, तो आला नाही. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून स्टिअरिंगवर. मी शेजारी. इंजिनाची उष्णता दाखवणारं जास्तीचं मीटर मी दांड्याजवळ खाली बसवलं होतं, ते बघत वाकून बसलेला. मागे हिरव्या इरकलीत काकी, मांडीवर ओटीची पिशवी, शेजारी काठी, खाली ती गोधडी.

चाकणला कंटेनरांच्या गर्दीत अडकलो. उन्हात, चालू इंजिनावर, एका जागी. माझा जीव त्या मीटरच्या काट्यात. काटा अर्ध्यावर चढला आणि तिथंच राहिला. पुढचा ट्रक हलेपर्यंत राहिला. मी आप्पांकडे बघितलं, आप्पा माझ्याकडे. दोघं एकदम हसलो. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मागून काकींनी विचारलं, "काय झालं?" इंजिनाच्या आवाजात आप्पांना ते ऐकू गेलं नाही, आणि मला काट्यावरून नजर काढायची नव्हती.

खेड गेलं, डांबरी रस्ता अरुंद झाला. ओढा आला. मोरी आली. आणि मोरीवर आप्पांनी गाडी उभी केली.

"थांबलात कशाला?" मी ओरडलो.

"धाव घ्याया."

"हिला धाव लागत नाही, आप्पा! नुसती घाला वर."

"लागती रं. तुला काय कळतंय."

त्यांनी रेस वाढवली. घुमाऱ्यानं ओढा दणाणला. मी वाकून काट्यावर डोळे लावले, एक हात दांड्याच्या बुडाशी ठेवून कंप किती येतोय ते बघत होतो. "बग आता!" आप्पा म्हणाले आणि क्लच सोडला.

गाडी जी उडाली! मी तिला इतके महिने शिव्या घातल्या होत्या, पण त्या क्षणी छाती फुगली. रस्ता तोंडासमोर उभा आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. बाजूनं चालणारी माणसं भराभर मागे पडत होती. आप्पा बैलगाड्यांच्या शर्यतीतल्यासारखे ओरडत होते, "हाऽऽ भिर्रर्र!" आणि तेवढ्यात मला तो आवाज आला. खडखड. मागून. सगळे आवाज मी मारले होते, हा कुठून आला? ब्रॅकेट गेलं? गिअरबॉक्स सुटला? मी डोकं आणखी खाली घातलं. डावीकडे वळलो की खडखड वाढायची, सरळ झालो की कमी. दात आवळून बसून राहिलो. आत्ता नको, एवढा चढ जाऊ दे, मग हवं तर अख्खी गाडी खोलीन.

चढ संपला. देवळासमोर पटांगण, वडाचा पार आणि पारावर पांढऱ्या फेट्यात सोपानराव. ऐंशीच्या पुढचे असतील, पण नजर रस्त्यावर. आप्पांनी नेऊन गाडी बरोबर त्यांच्या पायाशी लावली आणि हॉर्न दाबून धरला. मग खाली उतरून फेटा सावरला.

"बगा, सोपानराव!" ते ओरडले. "लेक गाडीत!"

आणि मागचं दार उघडायला हात घातला. दार आधीच अर्धवट उघडं होतं. त्याचाच तो खडखडाट. आत सीटवर घडी घातलेली गोधडी होती. काकी नव्हत्या. पिशवी नव्हती, काठी नव्हती.

सोपानरावांचं तोंड उघडलं. चाळीस वर्षांचं वाक्य जिभेवर आलेलं मला दिसलं. पण आप्पांचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

"पडली," आप्पा म्हणाले. "तौसिफ, पडली रं ती."

मी पटांगणाच्या कडेला धावलो. खाली वळणाआधी माणसांची रांग, रांगेच्या कडेला एक हिरवा ठिपका. काठी टेकत चार पावलं, मग उभा. पुन्हा चार पावलं, मग उभा.

"आहेत! चालतायत! आप्पा, बसा गाडीत, घेऊन येऊ!"

आप्पा बसले नाहीत. मी काय म्हणतोय ते त्यांना ऐकूच गेलं नाही. धोतराचा सोगा हातात धरून ते उतार उतरायला लागले होते, स्वतःचेही गुडघे असल्याचं विसरून.

मी गाडी वळवली आणि माणसांमधून हळूहळू खाली घेतली. ज्या ब्रेकसाठी भांडलो होतो त्यांच्यावर गाडी निवांत उतरली. त्याचंही समाधान वाटेना. नुसता संताप होता. कुणावर, ते कळत नव्हतं. काकींवर? आप्पांवर? मोरीवर? वळणाजवळ ते दोघं मला दिसले. रस्त्यात गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून त्यांना ओलांडून मोरीपर्यंत गेलो, वळवली आणि परत वर आलो. काकी दगडावर बसल्या होत्या, आप्पा समोर उभे. मी भर चढावर हँडब्रेक ओढला.

"उतारलीस कशाला?" आप्पा धापा टाकत विचारत होते.

"गाडी थांबली."

"थांबली म्हनून उतरायचं व्हय?"

"मग आजवर कशापायी उतरत व्हते?" काकी म्हणाल्या. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. "मोरी आली, तुमी रेस केली, मी उतारले. दार लावलं न्हाई नीट, तवर तुमी उडालाव."

"आगं, तुला उतराया लागू नये म्हनून तर ह्ये समदं केलं! इंजिन बदाललं, ब्रेक बदाललं, ह्यो तौसिफ येडा व्हायचा राहिला!"

"माझ्यापायी?"

"मग कुनापायी?"

"मला कुटं म्हाईत?"

"म्हंजी?"

"तुमी मला कवा सांगितलं? मी इचारलं तर म्हनला, गाडीत दम नगं का. मला वाटलं, म्हातारपनी गाडी पळवायची हौस आली आसंल. माझी जागाबी काडून टाकली. मी म्हनलं, जाऊ दे, पुरुषाची हौस."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. जसं काही सांगायचं काम माझ्याकडे दिलं होतं!

"तौसिफला सांगितलं," ते पुटपुटले. "प्रीतमला सांगितलं. भंगारवाल्याला बी सांगितलं."

"मला सोडून समद्यास्नी," काकी म्हणाल्या. "येकदा तोंडानं बस म्हनला आसता, तर बसले नसते का?"

मला त्या दोघांना एकेक पान्हा फेकून मारावासा वाटला. केवढं लोखंड कापलं होतं मी! केवढी डोकेफोड! सगळं एका शब्दावर भागलं असतं असं नाही, चढ चढायला इंजिन लागलंच असतं. पण तो एक शब्द नव्हता म्हणून सगळं इंजिन वाया गेलं होतं.

मी डावीकडचं पुढचं दार उघडून धरलं. आप्पांनी काकींना दंडाला धरून उठवलं, पुढच्या सीटवर बसवलं, त्यांची काठी आणि पिशवी घेतली आणि स्वतः मागे जाऊन गोधडीवर बसले. स्टिअरिंग माझ्याकडे आलं. गाडी भर चढावर उभी, आत तीन माणसं. जुनं इंजिन असतं तर इथून मागे मोरीपर्यंत घसरलो असतो. क्लच सोडला, हँडब्रेक सोडला, गाडी तसूभरही मागे न जाता पुढे निघाली. माझं कौतुक करावं असं कुणाला सुचलं नाही.

अर्ध्या वाटेवर जत्रेला निघालेल्या एका कुटुंबातली म्हातारी रस्त्याच्या मधोमध दम खायला उभी राहिली. मी ब्रेक दाबला, गिअर काढला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली.

आणि काकींचा हात दाराच्या कडीवर गेला. त्यांच्या नकळत. पदर सावरून एक पाय त्यांनी उचललासुद्धा.

मागून आप्पांचा हात त्यांच्या खांद्यावर आला. रस्त्यानं माहेरची माणसं चालत होती, बघत होती, तरी तो हात हलला नाही.

"बस गं," आप्पा म्हणाले. "तुझ्यासाठीच केलीया गाडी. बस."

काकींनी कडी सोडली. "बसलीया की," त्या म्हणाल्या. मोकळा झालेला हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवला, मग समोर, आणि शेवटी त्यांच्या जुन्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या दांड्याचा काळा गोळा घट्ट धरून बसल्या.

पुढची म्हातारी बाजूला झाली. मागून जीपवाला हॉर्न मारायला लागला.

"काकी, हात काढा," मी म्हणालो. "गिअर टाकायचाय."